जावरची उलटी भट्टी

धातुकातून धातू काढण्याचं शाळेत शिकलेलं सूत्र सोपं आहे. धातूला ऑक्सिजन चिकटलेला असतो, तापलेला कोळसा तो ओढून घेतो, धातू मोकळा होतो. तांब्याला हे लागू पडतं, शिशाला पडतं, लोखंडालाही पडतं. भट्टीत धातुक आणि कोळसा भरायचा, भाता मारायचा, आणि शेवटी तळाशी काय साठलंय ते उकरून काढायचं. जस्ताच्या बाबतीत मात्र तळ रिकामाच राहतो. धातुक उत्तम, कोळसा भरपूर, आच सणसणीत, आणि आत धातूचा कण नाही. वर धुरांड्याच्या तोंडाशी तेवढा एक पांढरा, हलका थर बसलेला दिसतो.

कारण आकड्यांत आहे. जस्ताच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घ्यायला कोळशाला साधारण हजार अंश सेल्सिअस लागतात, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे मोकळं होतं त्याच क्षणी ते वाफ झालेलं असतं. ही वाफ धुराबरोबर वर जाते, हवा लागताच पेटते आणि पुन्हा पांढरं ऑक्साइड होऊन बसते. केलेला सगळा खटाटोप फुकट.

बरं, हवा अडवली म्हणजे काम झालं असंही नाही. कोळशाने ऑक्सिजन घेतला की कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जस्ताची वाफ थंड होऊ लागली की ती या कार्बन डायऑक्साइडकडूनच ऑक्सिजन हिसकावून घेते. हजार अंशांवर पुढे जाणारी क्रिया खाली उतरताना उलटी फिरते. तेव्हा भांडं बंद हवं, आत कोळसा गरजेपेक्षा जास्त हवा, आणि वाफ झटकन थंड व्हायला हवी. तीही बेताने, कारण जस्त गोठतं ४१९ अंशांना. त्याच्या खाली एकदम उतरवलं तर हाती येते नुसती निळसर भुकटी, जिच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचं कवच असतं. वितळलेलं, ओतता येण्याजोगं जस्त हवं असेल तर वाफेला या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात आणून थांबवावं लागतं. आणि हे सगळं तापमापक नसताना.

म्हणूनच माणसाने जस्त कितीतरी शतकं न पाहताच वापरलं. रोमन लोक पितळेची नाणी पाडत होते, पण धातुरूप जस्त त्यांच्या कारखान्यात नव्हतं. ते तांब्याचे तुकडे, जस्ताचं धातुक आणि कोळशाची पूड एका बंद मुशीत घालून तापवत. जस्ताची वाफ निघे, ती तांब्यातच मुरे, आणि मूस फोडली की पितळ मिळे. पळणाऱ्याला पळायला वाव न देता जागेवरच दुसऱ्या धातूत कोंडायची ही युक्ती. तिला एक मर्यादा आहे. अशा पद्धतीने पितळेत जस्ताचं प्रमाण २८ टक्क्यांच्या फारसं वर जात नाही. त्यामुळे जुन्या पितळेच्या वस्तूत याहून बरंच जास्त जस्त आढळलं की अभ्यासक सावध होतात, कारण मग तिथे कुणीतरी सुटं जस्त वापरलेलं असण्याची शक्यता असते. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर मिळालेल्या, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मानलेल्या एका भांड्यात जस्त ३४ टक्के आहे. याचा आपल्याकडे फार गाजावाजा होतो. पण एका भांड्यावरून एक उद्योग उभा करता येत नाही. उद्योगाचा पुरावा पाहायचा असेल तर राजस्थानात जायला हवं.

उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर अरवलीच्या टेकड्यांत जावर नावाचं गाव आहे. तिडी नदीच्या काठाने कचऱ्याचे प्रचंड ढीग पसरलेत, आणि ते ढीग मातीच्या वापरलेल्या मुशींचे आहेत. त्यांचा अंदाज सहा लाख टनांच्या आसपासचा केला जातो. गावातल्या जुन्या पडक्या घरांच्या भिंतीही याच मुशींनी रचलेल्या आहेत. मुशी एकदाच वापरायच्या आणि टाकून द्यायच्या, त्यामुळे विटा पाडण्याची गरजच कुणाला पडली नसावी.

खाणी त्याहून जुन्या. इथल्या जावर माला खाणीत सापडलेल्या लाकडांचं वय कार्बनच्या पद्धतीने काढलं तेव्हा ते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपास गेलं. खडकाला लाकडं पेटवून तापवायचं, तडे गेले की फोडायचं, छत पडू नये म्हणून मध्ये खांब सोडायचे, अशा रीतीने माणसं शंभर मीटरच्याही खाली उतरली होती. इथल्या डोलोमाइटच्या खडकात झिंक ब्लेंड, म्हणजे जस्ताचं सल्फाइड, आणि त्याच्या सोबतीला शिशाचं गॅलेना असं मिश्र धातुक आहे. सुरुवातीला ही खोदाई शिशासाठी, त्यातल्या चांदीसाठी आणि पितळेला लागणाऱ्या जस्ताच्या ऑक्साइडसाठी झाली असणं शक्य आहे. सुटं जस्त गाळण्याचा मोठा धंदा मात्र बाराव्या ते चौदाव्या शतकात आकाराला आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या महाराणा लाखाच्या नावाशी मेवाडची परंपरा या खाणींची भरभराट जोडते.

१९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून इथे उत्खनन केलं. ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक आणि बडोद्याचे के. टी. एम. हेगडे यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. त्यांना भट्ट्या सापडल्या त्या ओळीने सात, आणि काहींत शेवटच्या खेपेच्या मुशी जागच्या जागी. त्यामुळे इथलं काम कसं चाले हे ग्रंथांवरून तर्क न करता थेट पाहता आलं.

आधी धातुक निवडून, कुटून भाजायचं. भाजताना गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि सल्फाइडचं ऑक्साइड होतं. त्या काळी तो वायू टेकड्यांवरच सोडला जात असणार, आणि आसपासच्या झाडोऱ्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. भाजलेलं धातुक, डोलोमाइट, कोळसा किंवा शेणासारखा जळून कार्बन देणारा पदार्थ, आणि विश्लेषणावरून दिसतं त्याप्रमाणे थोडं मीठ, हे मळून त्याच्या लहान गोळ्या वळायच्या. पूड का नाही? पूड घट्ट बसते, वाफेला वाट राहत नाही. गोळ्यांच्या मधून वाफ खेळती राहते.

मूस मातीची, साधारण फूटभर लांब, वांग्याच्या आकाराची. तिच्यात गोळ्या भरल्या की तोंडाशी मातीची एक निमुळती नळी लिंपून बसवायची. आता ही मूस भट्टीत उभी करायची ती डोकं खाली आणि बूड वर. मग आतल्या गोळ्या नळीतून खाली पडणार नाहीत का? इथे जावरच्या माणसांनी जे केलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात देखणं वाटतं. त्यांनी नळीतून एक काडी आत खुपसली. मूस उलटी केली की काडी माल अडवून धरते. भट्टी तापते, गोळ्या एकमेकींना चिकटून घट्ट होतात, आता त्यांना आधाराची गरज उरत नाही, आणि तेवढ्यात काडी जळून कोळसा होते. ती जिथे होती तिथे मालाच्या मधोमध एक पोकळ वाट राहते, आणि जस्ताची वाफ त्या वाटेने खाली येते. वापरलेल्या मुशींच्या आतल्या राखेत ही पोकळी आजही दिसते. एका फुकटच्या काडीने दोन कामं केली आणि योग्य वेळी ती स्वतःहून बाजूला झाली.

भट्टीला दोन मजले. मध्ये भाजलेल्या मातीची, भोकं पाडलेली जाड फरशी. सहा ओळी, ओळीत सहा, अशा ३६ मुशी वरच्या मजल्यात उलट्या बसवलेल्या, आणि त्यांच्या नळ्या फरशीच्या भोकांतून खालच्या मजल्यात उतरलेल्या. मधल्या बारीक भोकांतून राख गळते. आग सगळी वर, मुशींच्या भोवती. वर ११०० ते १२०० अंश, खाली त्यामानाने गारवा. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसं खालच्या नळीत जस्त धरत जायचं आणि थेंब थेंब खालच्या भांड्यात पडायचं.

उलटं करण्याचं मर्म इथे आहे. ज्वाळा आणि धूर वर जाणार. आगीच्या वर थंड जागा मिळवायची तर लांबलचक नळ्या काढाव्या लागतात, त्या तापत राहतात, मध्येच जस्त गोठून तुंबतात. आगीच्या खाली मात्र थंड जागा आयतीच असते. सात भट्ट्या एका वेळी पेटल्या की २५२ मुशी. प्रत्येकीतून निघणारा माल काही शे ग्रॅमचाच, पण मूस स्थानिक मातीची, फेकून देण्याइतकी स्वस्त. मुशींची बाहेरची बाजू राखेच्या क्षाराने काचेसारखी चकचकीत झालेली आहे. आच किती होती हे संशोधकांनी काढलं ते मुख्यतः या भाजलेल्या मातीवरूनच.

ही रीत ग्रंथातही आहे. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आगेमागे रचलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात वांग्याच्या आकाराची मूस, तिला धोत्र्याच्या फुलासारखी पसरट तोंडाची नळी, भोकं असलेली फरशी, खाली पाण्याचं भांडं आणि त्यात गळणारं, कथलासारखं झळकणारं सत्त्व, असं सारं वर्णन येतं. ज्वाळेचा रंग निळ्यावरून पांढऱ्यावर गेला की काय समजायचं हेही सांगितलं आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ आपल्या संस्कृत मालेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापला, आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याची दखल घेतली. पण पाककृती वाचल्यासारखा तो वाचला तर काही कळत नाही. हळद, त्रिफळा, राळ, बिब्बा, काजळी अशी यादी लागते. हळदीत आणि राळेत कार्बन आहे म्हणून ती चालते, बाकी काही नाही. काडीचा तिथे पत्ता नाही. ग्रंथकार वैद्य होता, त्याला औषधापुरतं जस्त हवं होतं. काडी सुचली ती ज्याला दिवसाला शेकडो मुशी उलट्या करायच्या होत्या त्याला, आणि तो बहुधा लिहीत नव्हता.

अकबराच्या काळी अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलं की हा धातू तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत कुठे सापडत नाही, पण हिंदुस्थानात त्याची खाण अजमेर सुभ्यात आहे. चीनमध्येही मिंग काळात जस्त गाळलं जात होतं आणि तिथून ते जहाजांनी युरोपला जाई. १७४५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराच्या तोंडाशी बुडालेल्या व्यापारी जहाजात चिनी जस्ताच्या लाद्या होत्या. ते मिळवण्यासाठी युरोप पैसे मोजत होता, कारण घरी ते फारसं होत नव्हतं.

ते करून दाखवलं ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने. त्याला १७३८ मध्ये एकस्व मिळालं. त्याच्या भट्टीत मोठ्या मुशींच्या तळातून लोखंडी नळ्या खालच्या थंड खोलीत जात. म्हणजे वाफ खालीच उतरवायची. जावरशी हे साम्य इतकं ठळक आहे की माहिती कुठून तरी गेली असावी असं क्रॅडॉक यांच्यासारख्या अभ्यासकांना वाटतं. कुणी, कधी, कशी नेली याचा कागद मात्र नाही, आणि कागद नसताना चोरीचा आरोप करण्यात मला तरी स्वारस्य नाही. चॅम्पियनला त्यातून सुख लाभलं असंही नव्हे. आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांनी भाव पाडले, एकस्वाची मुदत वाढवून मिळाली नाही, आणि १७६९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं.

योगायोगाने १७६९ हेच वर्ष मेवाडच्याही वाईट दिवसांचं. महादजी शिंद्यांच्या फौजेचा उदयपूरला वेढा पडला होता तो याच साली. पुढची कित्येक वर्षं शिंदे-होळकरांच्या खंडण्या, परगण्यांची गहाणवट आणि पेंढाऱ्यांची लूट यांत तो मुलूख पिचून गेला. लाकूडतोड्यापासून कुंभारापर्यंत शेकडो हातांवर चालणारा धंदा अशा काळात तगत नाही. १८१२-१३ च्या दुष्काळात जावर ओस पडलं. आपल्या इतिहासात मराठ्यांच्या उत्तरेतल्या मोहिमांचं वर्णन वाचताना या बाजूची आठवण क्वचितच होते. काही वर्षांनी मेवाडचा वृत्तान्त लिहिणाऱ्या कर्नल टॉडने या खाणींना कथलाच्या खाणी म्हटलं. भट्ट्या विझून फार काळ झाला नव्हता, तरी तिथे काय निघत होतं हेच विसरलं गेलं होतं. कथील आणि जस्त यांचा घोळ तसा आपल्याकडेही चालूच असतो. पितळेच्या पातेल्याला आतून लावतात ती कल्हई कथलाची. जस्त असतं ते खुद्द पितळेत, आणि कोकणातल्या पडवीवरच्या पत्र्याच्या मुलाम्यात. बिदरच्या काळ्या बिदरी भांड्यात तर नव्वद टक्क्यांहून जास्त जस्तच असतं, थोडं तांबं घातलेलं. नवसागर आणि किल्ल्यातली माती लावली की ते काळं पडतं आणि त्यावरची चांदीची तार तशीच पांढरी राहते.

जावरच्या खाणी पुन्हा उघडल्या १९४० च्या दशकात. गंमत अशी की तिथलं जस्ताचं धातुक तेव्हा गाळण्यासाठी जपानला पाठवावं लागे. १९६६ मध्ये हिंदुस्थान झिंक सरकारी कंपनी म्हणून स्थापन झाली, उदयपूरजवळ देबारीला कारखाना उभा राहिला, आणि तिथे जस्त निघू लागलं ते वाफ न होऊ देता, विजेने.

ही वीज वापरायची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिका आणि कॅनडात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. आज जगातलं बहुतेक जस्त तिनेच निघतं. धातुक बारीक दळून, फेसावर तरंगवून जस्ताचा भाग वेगळा काढतात. तो भाजतात, पण गंधकाचा वायू आता सोडून देत नाहीत, त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. त्याच आम्लात भाजलेला माल विरघळवला की जस्ताचं पाणी तयार. त्यात शिसे-चांदीच्या मिश्रधातूचा एक पत्रा आणि ॲल्युमिनियमचा एक पत्रा बुडवून वीज सोडली की ॲल्युमिनियमवर जस्त चढतं. एक-दोन दिवसांनी ते सोलून काढायचं. टनाला साधारण तीन हजार युनिटांहून जास्त वीज लागते.

ऐकायला सरळ, पण रसायनाच्या हिशेबाने हे व्हायलाच नको. आम्लाच्या पाण्यातून वीज नेली तर आधी हायड्रोजन सुटायला हवा, जस्त नंतर. जस्ताचा पृष्ठभाग हायड्रोजनला सुटू द्यायला फारच नाखूश असतो, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारखाना चालतो. आणि तो पृष्ठभाग बिघडवायला अगदी थोडी घाण पुरते. अँटिमनी, कोबाल्ट, जर्मेनियम यांचा लिटरमागे मिलिग्रॅमचा अंश जरी राहिला तरी त्या ठिकाणी हायड्रोजन सुटू लागतो, आणि चढलेलं जस्त परत आम्लात विरघळतं. वीज मात्र जळतच असते. म्हणून इथे शुद्धीकरण आधी आणि धातू नंतर, असा क्रम लागतो. ते करायला वापरतात खुद्द जस्ताचीच भुकटी. ती पाण्यात टाकली की जस्त विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं, कॅडमियम, कोबाल्ट यांचे कण खाली बसतात. कॅडमियम तिथूनच वेगळं काढून विकतात. देशातल्या खाणींतून निघणारी चांदीही जवळजवळ सगळी याच धातुकाच्या शिशाच्या बाजूने येते. शिशातून ती वेगळी करायची रीत अलेक्झांडर पार्क्सने १८५० मध्ये शोधली. वितळलेल्या शिशात जस्त ढवळलं की चांदी शिसं सोडून जस्तात जाते, जस्ताचा थर वर तरंगतो, तो काढून घ्यायचा आणि तापवून जस्त उडवून लावायचं. म्हणजे ज्या खोडीपायी जस्त शतकानुशतकं हाती लागलं नाही, तिचाच इथे उपयोग होतो.

वाफेची जुनी पद्धत अगदीच संपली असं नाही. ब्रिस्टलजवळच्याच ॲव्हनमाउथला विसाव्या शतकाच्या मध्यावर एक झोतभट्टी तयार झाली. अशा भट्टीत जस्ताची वाफ वितळलेल्या शिशाच्या पावसातून नेतात. शिसं तिला क्षणात थंड करतं, कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडायला वेळच देत नाही. चित्तोडगडजवळ चंदेरियाला अशी भट्टी नव्वदच्या दशकात बसली.

विजेच्या कारखान्याला मात्र एक नवीन डोकेदुखी आहे, ती जावरला नव्हती. धातुकातलं लोखंड आम्लात उतरतं, आणि ते काढायचं म्हणजे जॅरोसाइट नावाच्या पिवळ्या गाळाच्या रूपात खाली बसवावं लागतं. हा गाळ जस्ताच्या मानाने थोडाथोडका नसतो, आणि त्यात शिसं, कॅडमियम, जस्त यांचे अंश असतात. पावसाने ते झिरपू नयेत म्हणून तळाला अस्तर घातलेली तळी बांधून तो साठवतात. चंदेरियात त्यात चुना आणि सिमेंट मिसळून घट्ट करायला लागले, आणि असा बांधलेला गाळ रस्त्याच्या भरावात घालता येतो का याच्या चाचण्या झाल्या आहेत.